एपिसोडचा मजकूर : "कोनले लिखी राह्यना?"

आज माईकमध्ये मागून पंख्याचा आवाज येतोय, तो सहन करा. मी शिरपूरला घरी आलोय. इथे पंखा बंद केला तर एपिसोड पूर्ण होण्याआधी होस्टच संपेल.

तर विषय आहे लिहिणं. म्हणजे माझं न होणारं लिहिणं. दिवसा मी कोड लिहितो, त्याचे पैसे मिळतात. रात्री मला विनोदी कथा लिहायच्या असतात, त्याचे मिळतात फक्त मच्छर. दोन वर्षांत माझ्याकडे एक नवा कीबोर्ड, तीन नोट्सची ॲप्स आणि एका कथेचं पहिलं पान एवढी साहित्यसंपदा जमली आहे.

मागच्या सुट्टीत ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आजी आली. म्हणाली, "काय करी राह्यना भाऊ?" मी ऐटीत सांगितलं, लिहितोय. तिने विचारलं, "कोनले?"

कोनले म्हणजे कुणाला. तिच्या हिशोबाने लिहायचं म्हणजे पत्र, आणि पत्र कुणाला तरी असतं. मी हसलो. मग लक्षात आलं की आपल्याकडे उत्तरच नाही. टू-च्या रकान्यात कुणी नाही आणि मी दोन वर्षं सेंड दाबतोय.

आता मुद्द्यावर येऊ. हसू येतं कसं? तुमच्या फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो ना, तसंच डोकंही ऐकताना पुढचा शब्द सुचवत असतं. विनोद करणारा त्या सूचनेला हो-हो करत नेतो आणि शेवटी भलताच शब्द टाकतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० च्या एका ग्रंथात साधारण हेच मांडलंय, की ताणलेली अपेक्षा एकदम फुस्स झाली की हसू येतं. म्हणून भलता शब्द शेवटी यायला पाहिजे. मधे आला की गेला.

आणि नेमकं इथेच मी आपटलो. आजीकडे एक दूरचे मामा येऊन गेले, त्याचं तिने केलेलं वर्णन मी फोनवर रेकॉर्ड केलंय. ती म्हणते, "उना व्हता काल. मनी तब्येत इचाराले. जेवना. निजना. लई गया मंग, मनी छत्री."

मी हे 'नीट' मराठीत लिहिलं : "काल मामा माझ्या तब्येतीची विचारपूस करण्यासाठी आले होते व जेवण आणि विश्रांती झाल्यावर जाताना माझी छत्री घेऊन गेले."

झाली ना पोलीस तक्रार? माहिती तीच, एक कणही कमी नाही. पण लेखी मराठीत आपण क्रियापद शेवटी ठेवतो, त्यामुळे छत्री वाक्याच्या पोटात गेली. बोलताना आपण सगळेच क्रियापद आधी टाकून खरी वस्तू मागून सोडतो. "आला होता परवा, पैसे मागायला." आजी छत्री शेवटपर्यंत लपवून ठेवते. शिवाय 'जेवना', 'निजना' ही एकेका शब्दाची वाक्यं. त्यात मामांचा अख्खा दिवस आहे. मी ते 'आणि' लावून जोडलं. कोडमध्ये याला आम्ही रिफॅक्टरिंग म्हणतो, आणि रिफॅक्टरिंग केल्यावर चालता प्रोग्राम बंद पडणं हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव.

माझं लिखाण तिला वाचून दाखवलं तर तिने शांतपणे विचारलं, "हाई कोन बाई शे?"

हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. कारण ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, आणि गोष्टी सांगणंही कमी झालंय. माझ्या फोनमध्ये तिच्या अकरा रेकॉर्डिंग आहेत. त्या अकरांची जर मी अशीच प्रमाण भाषेत इस्त्री केली, तर उरेल ती कुणीतरी पुण्याची बाई.

हा प्रश्न आपल्या खानदेशात आधी सुटलेला आहे, आणि फार सुंदर सुटलेला आहे. बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, जळगावजवळचं असोदा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता ओव्या सुचायच्या, त्या मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आता गंमत बघा. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांची स्वतःची भाषा शिकलेल्या माणसाची. आईची बोली 'सुधारून' घेणं त्यांना किती सोपं होतं! त्यांनी ती बोली तशीच ठेवली. (ती अहिराणी नाही हं, लेवा गणबोली. कमेंटमध्ये भांडण नको म्हणून आधीच सांगतो.) प्रेरणा बहिणाबाईंची, पण हात आवरला तो मुलाने. लेखकाच्या कामात हात आवरणं येतं हे मला कुठल्याच यूट्यूब कोर्सने सांगितलं नव्हतं.

आणि 'कोनले'चं उत्तर? साने गुरुजी आमच्या इथून जवळच, अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहाची मुलंही सांभाळायचे. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत लिहिली. पाच दिवस! मी पाच दिवसांत फाँट ठरवतो. पण पुस्तक उघडून बघा, त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना बसवून आईबद्दल सांगतोय. तुरुंगात बसूनही समोर ऐकणारे कोण, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

विनोदाचं उदाहरण हवं असेल तर हायवेने खाली मालेगावला जा. यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलवर! बघणारे कोण हे पक्कं होतं, गावातले यंत्रमाग कामगार. पैसा नव्हता हीच विनोदाची सामग्री झाली. त्यांच्यावर २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तो बघा. मला एवढंच वाटलं की त्यांच्यापैकी कुणी 'आधी चांगला कीबोर्ड घेऊ' म्हणत बसलं असतं तर डाकू अजून पायीच असते.

तर मी काय केलं? जुनी फाइल डिलीट केली. बॅकअप आहे, इंजिनिअर आहे मी. नवीन कथेत निवेदन माझ्या मराठीत ठेवलं आणि आजी बोलते तिथे अहिराणीच, अर्थ न देता. वाचणाऱ्याला एखादा शब्द अडेल, अडू दे. छत्री कळतेच. आणि फाइलच्या पहिल्या ओळीत, जिथे आम्ही कोडमध्ये कमेंट टाकतो तिथे, धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. ती सुरतला असते, आजीचा आवाज तिला फोनवर नीट कळत नाही. तिला लिहितोय.

काल रात्री ते पान आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वेळा, कारण पहिल्यांदा पंख्यात ऐकू गेलं नाही. मामा जेवले तिथे ती हसली. निजले तिथे पदर तोंडाला लावला. छत्रीपाशी मात्र गंभीर झाली.

म्हणाली, "छत्री मातर अजून उनी नही."