पायवाटेवरचं गवत: रान माजलेल्या अंगणाचं खेळायचं लॉन कसं झालं

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.)

इयरफोन लावलेत? आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गवत. हसू नका, या गवतावर माझे साडेअकरा हजार रुपये आणि बाबांसमोरची सगळी इज्जत लागली होती.

आमचं घर नाशिकजवळ. बैठं, जुनं. मागे साधारण सहाशे चौरस फूट मोकळी जागा. मी पुण्यात नोकरीला, दादा-वहिनी दिवसभर कामाला, आजीचे गुडघे दुखतात. त्यामुळे चार वर्षं तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. कमरेएवढं गाजर गवत, आघाडा, कोपऱ्यात घाणेरी, मधे लव्हाळा. दादाची मुलगी, माझी पुतणी, पाच वर्षांची. चेंडू आणायला आत गेली आणि हातापायांवर पुरळ घेऊन आली. त्या दिवसापासून तिचं खेळणं म्हणजे घरात बसून मोबाइल. बाबा म्हणाले, “सरळ पेव्हर ब्लॉक टाकू, कटकट मिटेल.” मी म्हणालो, “बाबा, मला एक पावसाळा द्या.”

पहिला प्रयत्न: फेल

मी काय केलं? यूट्यूब बघितलं. दोन माणसं लावून रान कापलं, वरून ताजं शेणखत पसरलं आणि तयार लॉनची कार्पेट आणून अंथरली. एका दिवसात हिरवंगार! फोटो टाकला, लाइक आले.

सहा आठवड्यांत लव्हाळ्याची पाती त्या कार्पेटमधून सुईसारखी वर आली. गाजर गवताची रोपं सांध्यांतून डोकावली. मोठा पाऊस झाला की पाणी दोन-दोन दिवस तुंबायचं. गणपतीपर्यंत निम्मं लॉन पिवळं पडून कुजलं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त पेव्हर ब्लॉकवाल्याचं कोटेशन फ्रिजवर लावून ठेवलं.

चूक साधी होती. प्रॉब्लेम जमिनीखाली होता आणि मी वरून रंग मारत होतो.

तण ओळखा, मगच काढा

आपल्याकडचं तण एकसारखं नसतं. प्रत्येकाची जगायची रीत वेगळी, त्यामुळे उपायही वेगळा.

गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात १९५०च्या दशकात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या पुण्यात. ते बियांवर जगतं. एक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून फुलं यायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, नाकाला फडकं हवंच, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. मुलांना जवळ येऊ देऊ नका. फुलावर आलेलं झाड खतात टाकू नका.

लव्हाळ्याचं उलटं. तो जमिनीखालच्या गाठींवर जगतो. एकेक गाठ धाग्याने पुढच्या गाठीला जोडलेली असते. वरची पात उपटली तर खालची गाठ नवीन कोंब सोडते. ओळखायचा कसा? देठ बोटांत फिरवून बघा. गवताचा देठ गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याला तीन कडा लागतात. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचं उदाहरण केलं. माझ्या अंगणात मला त्याचा फक्त चिवटपणा दिसला!

पायवाटेने दिलेलं उत्तर

पुढच्या मार्चमध्ये मी सुट्टी काढून घरी गेलो. रान वाळलेलं होतं. आणि तेव्हा एक गोष्ट दिसली. मागच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आमची रोजची पायवाट आहे. चार वर्षं त्यावर माणसं चालली, दादाची बाइक गेली. तिथे गाजर गवत नव्हतं, आघाडा नव्हता. तिथे होती फक्त हरळी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन सिस्टीम लोकांसमोर आणण्याआधी तिच्यावर मुद्दाम भार टाकून बघतो. त्याला लोड टेस्ट म्हणतात. आमच्या पायवाटेवर ती टेस्ट चार वर्षं चालू होती आणि रिझल्ट माझ्या पायाखाली होता.

हरळी, म्हणजेच आपली दुर्वा, हीच नर्सरीत बर्मुडा म्हणून मिळते. तिच्या निवडक, बारीक पानांच्या जाती जगभर क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानांवर असतात. ती एवढं सोसते कशी? एक, तिचे धावते फुटवे जमिनीवरूनही पसरतात आणि जमिनीखालूनही. वरचे तुडवले गेले तरी खालचे शाबूत. दोन, तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटू शकतं. तुकडा पडला तरी पुन्हा उभी राहते. तीन, नवीन फूट जमिनीलगत असते, त्यामुळे वरून कापलं तरी ती मरत नाही.

मी काकांना फोन केला, “काका, बांधावरची थोडी हरळी मिळेल का?” ते आधी गप्पच झाले. मग म्हणाले, “अरे, आमची सगळी हयात हरळी काढण्यात गेली, आणि तू ती लावणार?” तेही बरोबर आहे. शेतात तिचा जो गुण नकोसा होतो, तोच खेळायच्या अंगणात हवा असतो.

एक अट मात्र आहे. हरळीला ऊन लागतं, रोज किमान सहा तास. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. तिथे सावली सोसणारं रुंद पानांचं कार्पेट ग्रास लावा, पण ते एवढी दंगामस्ती सोसत नाही.

जमीन: खरं काम इथे

आधी एक टेस्ट. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर निचरा वाईट आहे. आमच्याकडे दिसलं. खणल्यावर कारण कळलं: घराच्या दुरुस्तीच्या वेळचा राडारोडा आणि त्याच्यावर दाबून बसलेली काळी माती.

मग क्रम असा ठेवला:

१. राडारोडा काढला आणि नऊ इंच माती खणून खालचा कडक थर फोडला. पायवाटेवरची हरळी आधीच सोडवून कुंड्यांत ठेवली होती.

२. घरापासून बाहेरच्या बाजूला उतार दिला, एका मीटरला एक सेंटिमीटर. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी मागून आणली.

३. वर चार इंच पोयट्याची माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू. काळ्या मातीत नुसती थोडी वाळू कालवू नका, ती आणखी घट्ट बसते. आणि शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या पिकाचं निम्मं श्रेय त्यालाच!

४. एप्रिलच्या मध्यात माती सपाट करून भिजवली आणि पारदर्शक प्लॅस्टिकने झाकली. कडा मातीत गाडल्या. सहा आठवडे तसंच. उन्हाने आतली ओली माती इतकी तापते की वरच्या थरातल्या बऱ्याच बिया मरतात. प्लॅस्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, कारण ऊन आरपार जाऊन मातीच तापायला हवी. आणि बाहेरची माती आणायची असेल तर ती प्लॅस्टिकच्या आधी आणा. नाहीतर स्वच्छ जमिनीवर नवीन तण विकत आणाल.

५. प्लॅस्टिक काढल्यावर पाणी मारलं आणि वाट बघितली. खोल गाठींमधून लव्हाळा आलाच. खुरप्याने गाठीसकट काढला. दहा दिवसांनी पुन्हा. कोंब लहान असतानाच काढायचा, नवीन गाठी धरायच्या आत. दरवेळी कोंब सोडताना गाठीतला साठा खर्च होतो. आणि या टप्प्यावर खोल खणू नका, खालचं बी वर येतं.

बाबा रोज संध्याकाळी यायचे, बघायचे, जायचे. मेमध्ये आमच्या अंगणात हिरवं काहीच नव्हतं, फक्त प्लॅस्टिक. कोटेशन अजून फ्रिजवर होतं.

लावणी

जूनअखेर, पाऊस स्थिरावल्यावर लावणी केली. हरळीचे धावते फुटवे घ्यायचे, माती झटकून पाण्यात धुवायचे. हे टाळू नका, त्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात. दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे. अर्ध्या फुटावर एक तुकडा, किमान एक पेर मातीत, टोक बाहेर, आणि पायाने हलकं दाबायचं.

हिशेब करा. सहाशे चौरस फुटांत अर्ध्या फुटावर एक म्हणजे २४०० तुकडे. पुतणीने पहिले शंभर मोजले, मग कंटाळली. बाबा न बोलता दुसऱ्या टोकाकडून सुरू झाले.

कडेला शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या गाडल्या, नाहीतर हरळी आजीच्या भाजीच्या वाफ्यात शिरली असती. पहिली कापणी गवत दोन-अडीच इंच झाल्यावर, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. खेळायच्या लॉनची उंची दीड इंच ठेवा. अगदी बोडकं केलं तर तणाला ऊन मिळतं. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे दाट गवत हा त्याच्यावरचा कायमचा उपाय.

टिकवायचं कसं

मातीला चिखल असताना खेळ बंद. ओल्या मातीवर नाचलं की ती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. स्टंप दर आठवड्याला दुसरीकडे रोवा. दारापाशी रोज पाय पडतात, तिथे दोन-चार फरश्या टाका. वर्षातून एकदा बागेच्या काटेरी फावड्याने चार-चार इंचांवर भोकं पाडून वरून चाळलेलं खत आणि वाळू पसरा.

आणि पाणी. यावर खोटं बोलणार नाही. सहाशे चौरस फुटांना एक इंच पाणी म्हणजे जवळपास १४०० लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायला दर आठवड्याला एवढं लागू शकतं. तुमच्याकडे टँकर येत असेल तर लॉन लहान करा. आम्ही मेमध्ये हिरव्या रंगाचा हट्ट धरणारच नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी अधूनमधून घालू. हरळी तपकिरी पडते, पण मरत नाही. पाऊस पडला की परत येते.

गणपती

लावणीनंतर दोन महिन्यांत जमीन झाकली गेली. ऑगस्टच्या शेवटी मी मशीन घेऊन निघालो, तर आजीने अडवलं. “तो कोपरा कातरू नकोस. दुर्वा लागतील.”

गणेश चतुर्थीला सकाळी आजी पाटावर बसून कोवळ्या दुर्वा खुडत होती, एकवीसच्या जुड्या बांधत होती. पलीकडे पुतणी अनवाणी पळत होती. दरवर्षी बाजारातून आणायचो, यंदा घरच्या. आणि सगळ्यात आधी त्या चार वर्षं आमच्या पायाखालीच होत्या.

फ्रिजवरचं कोटेशन? ते अजून तिथेच आहे. बाबा म्हणतात, “एक उन्हाळा जाऊ दे.” ठीक आहे, तोही टेस्टचाच भाग.

तर मंडळी, तुमच्या घरामागेही असं रान असेल तर आज कार्पेट मागवू नका. आधी जाऊन बघा, रोज पाय पडतात तिथे काय टिकलंय. फोटो काढा, मला पाठवा. पुढच्या भागात भेटू!