बर्गर, नूडल्स आणि आईची प्लेट

शनिवारची संध्याकाळ असते. लोकलच्या गर्दीतून सगळे घरी पोहोचलेले असतात, कणीक अजून भिजवायची असते आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, “आज बाहेरच जेवूया का?” घरात एकदम उत्साह संचारतो. मुलाला बर्गर हवा असतो, मुलीला नूडल्स, आजोबांना इडली-सांबार आणि आजीचं एवढंच म्हणणं असतं, की फार तिखट नको. बाबा गाडी कुठे लावायची या विचारात पडतात. आणि आई? तिला विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मला काहीही चालेल.”

तुमच्याही घरी असंच होत असेल तर क्षणभर थांबा. बाहेर जेवायला जायचं मुख्य कारण काय होतं? रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला एक दिवस सुट्टी मिळावी हेच ना? मग नेमकी तिचीच आवड मेन्यूकार्डातून गायब कशी होते? महानगरात आज कोपऱ्या-कोपऱ्यावर खाण्याची सोय आहे, तीही प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी. या सोयीचा फायदा घरातल्या प्रत्येकाला मिळायला हवा. त्यासाठी थोडा इतिहास, थोडी हुशारी आणि थोडा मोकळेपणा पुरेसा आहे.

जेवू घालणाऱ्या बायका, जेवणारे पुरुष

मुंबईत बाहेर जेवणं काही नवं नाही, पण सहकुटुंब बाहेर जेवणं त्या मानाने नवं आहे. गिरणगावात कुटुंबाला गावी ठेवून एकटे राहणारे हजारो कामगार खानावळीत जेवायचे. यातल्या कितीतरी खानावळी बायका आपल्या छोट्याशा खोलीतूनच चालवत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्या बायकांना संघटित केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. म्हणजे शहराला जेवू घालणाऱ्या बायका होत्या, पण पानावर बसणारे बहुतेक पुरुषच.

इराणी हॉटेलांचंही तसंच. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, बनमस्का आणि चहा यांवर शहराच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पण अनेक जुन्या हॉटेलांत बायकांसाठी वेगळी ‘फॅमिली रूम’ असायची, पडद्याआड किंवा लाकडी पार्टिशनच्या मागे. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून रस्त्यावरची ये-जा बघत चहा प्यायचा, ही चैन बाईच्या वाट्याला क्वचितच यायची. आज तुमची मुलगी मैत्रिणींसोबत बिनधास्त नूडल्स खायला जाते, तेव्हा तिच्या आजीला ही मोकळीक नव्हती हे जरूर आठवा.

पावातली बटाट्याची गंमत

मुंबईकरांना बर्गर परका वाटला नाही, याचं श्रेय वडापावला द्यायला हवं. साठच्या दशकात दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापावची सुरुवात झाली असं मानलं जातं. पावाच्या पोटात गरमागरम बटाटावडा, सोबत लसणाची चटणी आणि तळलेली मिरची. हातात धरून, उभ्याउभ्या आणि काही मिनिटांत संपणारं खाणं. बर्गरची कल्पना याहून फार वेगळी नाही.

१९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. दिल्लीतल्या वसंत विहारमध्ये पहिलं रेस्टॉरंट सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्यालाही. इथे गोमांस आणि डुकराचं मांस चालणार नाही हे ओळखून कंपनीने दोन्ही टाळलं, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ बनवण्याची व्यवस्था वेगळी ठेवली आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आणला. थोडक्यात, बर्गरला आपल्याकडे टिकायचं होतं तर बटाट्याशी मैत्री करणं भागच होतं.

अशा काउंटरवाल्या रेस्टॉरंटमुळे आणखी एक बदल झाला. किमती डोक्यावरच्या फलकावर सर्वांसमोर लिहिलेल्या. वेटर वही घेऊन उभा नाही, त्यामुळे ‘एवढंच मागवलं तर काय म्हणेल?’ हा संकोच नाही. कॉलेजच्या मुलींना, एकट्या बाईला किंवा तान्ह्या बाळाला घेऊन निघालेल्या आईला एका बर्गरवर निवांत बसता येऊ लागलं. खाण्याइतकीच बसण्याची ही जागाही महत्त्वाची होती.

नूडल्स चीनच्या की आपल्या?

आता नूडल्सकडे वळू. आपल्याकडच्या ‘चायनीज’ची मुळं कोलकात्यात आहेत. तिथल्या टांगरा भागात हक्का समाजाचे चिनी लोक चामडं कमावण्याचा व्यवसाय करत. पुढे त्यांनी सुरू केलेली रेस्टॉरंट प्रसिद्ध झाली. मेन्यूकार्डावरच्या ‘हक्का नूडल्स’मधला हक्का म्हणजे हाच समाज.

कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वँग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करताना त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला घेतला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंचुरियन तयार केलं, असं सांगितलं जातं. पुढे चिकनची जागा कोबी-गाजराच्या गोळ्यांनी घेतली आणि व्हेज मंचुरियन लग्नाच्या पंगतीपर्यंत पोहोचलं. चीनच्या सिचुआन प्रांताचं नाव आपल्याकडे ‘शेजवान’ झालं, पण आपली लालभडक शेजवान चटणी आणि तिथलं जिभेला मुंग्या आणणारं तिखट यांत बराच फरक आहे. मुंबईने तर त्याहीपुढे जाऊन ट्रिपल शेजवान राइस, चायनीज भेळ आणि शेजवान डोसा असे प्रकार काढले.

म्हणून आजी “हे चिनी काय खायचं?” असं म्हणाली तर तिला ही गोष्ट नक्की सांगा. आलं, लसूण, मिरची आणि कोबी तर तिच्याही स्वयंपाकघरात रोज असतात.

सगळ्यांची सोय एका टेबलावर

घरात चार जणांच्या चार आवडी असतील तर जायचं कुठे? मुंबईकरांचं जुनं उत्तर म्हणजे ‘उडप्याकडे’. माटुंग्याचं कॅफे मद्रास १९४० पासून आणि रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून सुरू आहे. तिथे दाक्षिणात्य चव आजही जपली जाते, पण गल्लीतल्या नेहमीच्या उडपी हॉटेलचं मेन्यूकार्ड उघडा. इडलीपासून सुरुवात होते, मग पावभाजी, पंजाबी भाज्या, चायनीज, सँडविच, पिझ्झा आणि शेवटी फालुदा. आजोबांचं सांबार आणि नातवाचे नूडल्स एकाच ट्रेमधून येतात. शहरातल्या एकत्र कुटुंबांसाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

मॉलमधलं फूड कोर्टही असंच उपयोगी पडतं. प्रत्येकाने आपापल्या काउंटरवरून हवं ते आणायचं आणि जेवायला एकत्र बसायचं. फक्त ट्रे आणण्याचं काम आईकडे जाणार नाही याची काळजी घ्या.

‘काहीही चालेल’ बंद करा

आता मूळ मुद्दा. बाहेर जेवायला गेल्यावरही अनेक घरांत आईची ड्युटी संपत नाही. ती लहान मुलाला भरवते, सासूबाईंना वाढते, सगळ्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवते आणि शेवटी मुलाने अर्धवट टाकलेला बर्गर, थंड झालेले नूडल्स संपवते, कारण ‘पैसे वाया जातील’. घरी परतल्यावर ती जेवलेली असते, पण तिच्या आवडीचं तिने काहीच खाल्लेलं नसतं. काही सवयी लावून घेतल्या तर हे सहज बदलता येईल.

• ऑर्डरची सुरुवात आईपासून करा. “तू काय घेणार?” असं विचारून उत्तराची वाट पाहा. ‘काहीही’ हे उत्तर स्वीकारू नका.

• ठिकाण निवडण्याची पाळी लावा. या वेळी मुलगा, पुढच्या वेळी आजी, त्यानंतर आई. ज्याची पाळी त्याचा शब्द अखेरचा.

• मुलांना भरवण्याची जबाबदारी बाबांनी घ्यावी. आईचं जेवण गरम असतानाच ती जेवली पाहिजे.

• बजेट निघण्याआधीच मोकळेपणाने ठरवा. मग आईला मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचून सर्वात स्वस्त पदार्थ शोधावा लागणार नाही.

• आधी थोडंच मागवा. सूप ‘वन बाय टू’ घ्या, राइस आणि नूडल्सपैकी एकच मागवा, कमी पडलं तर पुन्हा सांगता येतं. उरलंच तर पार्सल घ्या. उष्टं संपवणं हे कुणाचंही काम नाही.

आणि मैत्रिणींनो, तुम्हीही थोडा पुढाकार घ्या. वर्षानुवर्षं मन मारल्यावर आपल्याला काय आवडतं हेच आठवेनासं होतं. तुम्हाला झणझणीत शेजवान नूडल्स आवडत असतील आणि घरात कुणी तिखट खात नसेल, तर स्वतःसाठी हाफ प्लेट वेगळी मागवा. यात स्वार्थ काहीच नाही. मुलं तुम्हाला बघूनच शिकत असतात. आई स्वतःसाठी मागते हे पाहणाऱ्या मुलीला उद्या स्वतःच्या घरात मन मारावं लागणार नाही आणि मुलगा बायकोला विचारल्याशिवाय ऑर्डर देणार नाही.

पोटाचाही विचार करा

बाहेरच्या खाण्यात तेल आणि साखर दिसते, मीठ मात्र दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे साधारण एक छोटा चमचाभर मीठ खावं. सोया सॉस खारट असतो. सूप, नूडल्स आणि मंचुरियन ग्रेव्ही असं एकत्र मागवलं तर तिन्हींतून मीठ पोटात जातं. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर ग्रेव्हीऐवजी भाज्या जास्त असलेले नूडल्स मागवा आणि सॉस कमी घालायला सांगा. पदार्थ ताजा बनत असल्यामुळे हे सहज करता येतं.

बर्गरसोबतचा कॉम्बो स्वस्त वाटतो, पण त्यातले फ्राइज आणि कोल्ड्रिंक तुम्हाला खरंच हवे होते का, हे आधी स्वतःला विचारा. फ्राइज सगळ्यांत मिळून एक घ्या, कोल्ड्रिंकऐवजी ताक किंवा साधं पाणी घ्या. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या रेस्टॉरंटना आता मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात. किंमत पाहता तसा तो आकडाही पाहा. शाळेत जाणाऱ्या मुलांना तो वाचायला सांगा, त्यांना त्यात मजा वाटते आणि सवयही लागते.

बिल वाचायला लाजू नका

बिल आल्यावर न वाचता पैसे देणं म्हणजे मोठेपणा नव्हे. तुम्ही मुंबईत असा, इंदूरमध्ये, बडोद्यात की बंगळुरूमध्ये, हे नियम देशभर सारखेच आहेत.

• साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी एकूण ५ टक्के असतो. मोठ्या महागड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो.

• काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

• सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो बिलात आपोआप जोडता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ही तत्त्वं कायम ठेवली. तो बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

• बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. हॉटेल नोंदणीकृत असल्याची ती खूण आहे.

सर्व्हिस चार्ज वाचवला म्हणून टिप मात्र विसरू नका. दिवसभर उभं राहून हसतमुखाने वाढणाऱ्या माणसाच्या हातात मनापासून ठेवलेली टिप आणि एक ‘धन्यवाद’ ही मुलांनीही शिकण्याची गोष्ट आहे. तोही कुणाच्या तरी घरातला असतो आणि शनिवारी रात्री त्याचं कुटुंब त्याच्याशिवायच जेवत असतं.

तर येत्या सुट्टीच्या दिवशी बर्गर खा, नूडल्स खा, नाहीतर उडप्याकडचा कुरकुरीत डोसा खा. मोबाइल पर्समध्ये राहू द्या आणि गप्पा टेबलावर रंगू द्या. फक्त वेटर वही घेऊन आला की पहिला प्रश्न आईला विचारा आणि तिने जे सांगितलं, तेच तिच्यासमोर गरमागरम येऊ द्या.