थकवा जातो कोठे?

परीक्षा जवळ आली की घराघरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागतात. पूर्वी जागरणाला चहाचा कप पुरे. आता कित्येकांच्या टेबलावर एनर्जी ड्रिंकचा डबा किंवा बाटली दिसते. ते पेय प्यायले की अर्ध्या-पाऊण तासात झोप उडते, तरतरी आल्यासारखे वाटते. पण ही ऊर्जा आली कोठून? आणि मघाचा थकवा गेला कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला पेशीत डोकवावे लागेल. आपण खाल्लेल्या भाकरीतील किंवा भातातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज बनते. पेशींमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे विघटन होते आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपी नावाच्या रेणूत साठवला जातो. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातले चलनी नाणेच! पळणे असो वा गणित सोडवणे, प्रत्येक कामाला ही नाणी खर्च होतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलो असतानाही एकूण ऊर्जेतील सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो.

एटीपीचे विघटन होत होत शेवटी ॲडिनोसीन हा पदार्थ उरतो. आपण जागे असताना तो मेंदूत साचत जातो. चेतापेशींवर त्याच्यासाठी खास जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे ॲडिनोसीन ग्राहीत बसते, चेतापेशींचे काम मंदावते आणि आपल्याला झोप येऊ लागते. झोपेत ॲडिनोसीनचे प्रमाण उतरते, म्हणून सकाळी ताजेतवाने वाटते.

आता कॅफीनकडे वळू. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. चहात, कॉफीत आणि एनर्जी ड्रिंकमध्ये तेच असते. त्याच्या रेणूची ठेवण ॲडिनोसीनशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे ही नकली किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही. मात्र खऱ्या किल्लीची वाट अडवते. म्हणजे थकवा गेलेला नसतो. स्कूटरमधले पेट्रोल संपत आले असताना काट्यावर कागद चिकटवावा, तसा हा प्रकार! कॅफीन ओसरले की साचलेले ॲडिनोसीन आपले काम करतेच.

थोडे गणित करू. २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असते. प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात. रात्री नऊला ७५ मिलिग्रॅम घेतले, तर दोन वाजताही सुमारे ३७ मिलिग्रॅम शरीरात असते. अशा वेळी गाढ झोप कशी लागावी? आणि दिवसभर वाचलेले पक्के होते ते झोपेतच!

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम ही कॅफीनची मर्यादा सुचवली. ४५ किलो वजनाच्या मुलासाठी ती १३५ मिलिग्रॅम होते. दोन डबे प्यायल्यास ती ओलांडली जाते. छातीत धडधड, हातांना कंप, अस्वस्थता ही जादा कॅफीनची लक्षणे होत. हृदयाचा दोष असलेल्यांना तर धोका अधिक. शिवाय काही डब्यांत २७ ग्रॅमपर्यंत साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ही पेये मुलांसाठी नाहीत, असा इशारा आपल्याकडील डब्यांवर छापलेला असतो. लिथुआनियाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना ती विकण्यास बंदी घातली.

मग तरतरी कशी राखावी? १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. सकाळी उपाशी शाळेत जाऊ नये. शेंगदाणे घातलेले पोहे, उसळ-भाकरी, नाचणीची आंबील यांतून ऊर्जा हळूहळू मिळत राहते. पुरेसे पाणी प्यावे. वाचताना डोळे मिटू लागले तर दहा मिनिटे फेरी मारावी. तरीही झोप येत असेल, तर सरळ झोपावे.

पण पुरेशी झोप आणि जेवण होऊनही आठवडेच्या आठवडे थकवा राहिला तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन घटते, पेशींना ऑक्सिजन कमी मिळतो आणि जिना चढतानाही धाप लागते. अशा मुलीने डब्यातले पेय पिऊन तरतरी आणली, तर खरा आजार झाकलाच जाईल. तिला गरज आहे ती रक्ततपासणीची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याची. आहारात पालेभाज्या व कडधान्ये असावीत. जेवताना लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र त्यात अडथळा आणतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात ठेवून विसरू नका!

थकवा हा शत्रू नव्हे. तो शरीराने पाठवलेला निरोप आहे. पुढच्या वेळी दुकानात डबा हाती आला, तर त्यावरील बारीक अक्षरे वाचा. कॅफीन किती, साखर किती, आपल्या वजनाला किती चालेल, हे वहीत मांडून पाहा. आणि मग स्वतःलाच विचारा : मला हवे आहे ते हे पेय, की झोप?