पीजेच्या कडेने, पाण्याच्या मागे

पाचोरा-जामनेर गाडीला आपल्याकडे पूर्ण नावाने कोण ओळखते? ती सर्वांची ‘पीजे’. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ती सुमारे ५६ किलोमीटर धावे. लहानपणी मामाच्या गावी मी तिनेच जात असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पीजे थांबली आणि ती छोटी गाडी पुन्हा धावली नाही.

पुढच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, शेंदुर्णीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने मला बोलावले. भराच्या कपाशीची खालची पट्टी उभ्या उभ्या सुकली होती. झाड उपटून पाहिले. मुळांना कीड नव्हती, बुरशी नव्हती. पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला होता. पण उताराच्या रानात पाणी साचले कसे?

पत्ता लागावा म्हणून शेतकरी आबा आणि मी रेल्वेच्या भरावाच्या कडेकडेने पायवाट धरली. रुळांत गवत माजले होते. चालता चालता एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर. तिकडचे ओढे-नाले उत्तरेकडे उतरतात. पीजेची वाट मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे पाण्याला आडवी. म्हणून बांधणाऱ्यांनी जागोजागी मोऱ्या ठेवल्या. काही मोऱ्यांजवळ आज ओढा दिसतही नाही. नांगरटीत तो बुजला. पण मोठ्या पावसात पाणी तिथेच येते. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

आबांच्या शेताखालची मोरी गाळाने आणि पऱ्हाट्यांनी गच्च भरलेली होती. आबा खाली बसले. म्हणाले, “साहेब, हे भारे माझ्याच पोरानं टाकले. गाडी बंद झाली, आता मोरीचं काय काम, असं वाटलं.” सूनबाई तेवढ्यात बोलल्या, “मामंजी, पाणी तुंबलं तेव्हाच मी म्हटलं होतं.” आबांनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी बापलेकांनी भारे काढले.

आता या मार्गावर साडेपाच फुटी मोठे रूळ टाकून तो बोदवडपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली आहे. गाडी यावी, ही आपल्या सर्वांचीच इच्छा. पण नव्या भरावात मोरी कुठे हवी, हे भर पावसात शेतात उभे राहणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून तीन कामे करा. जुन्या मोरीच्या तोंडाशी पऱ्हाटी, दगड, गाळ टाकू नका. कपाशीत दर दोन-तीन ओळींआड उताराच्या दिशेने चर ठेवा. आणि पहिल्या मोठ्या पावसात, घरच्या बायामाणसांनाही विचारून, पाणी कुठून येते, कुठे तुंबते, ते गट नंबरासह वहीत लिहा. सर्वांचे मिळून एक पत्र ग्रामपंचायतीमार्फत रेल्वेच्या अधिकाऱ्यांना द्या आणि त्याची पोच घ्या.

जागा रेल्वेची असली, तरी तिच्याखालून जाणाऱ्या पाण्यावर आपले रान अवलंबून आहे. भराव पडल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे.