संगीत, चित्रपट आणि ध्वनिवर्धक

चेन्नईजवळील आवडी येथे रणगाड्यांच्या कारखान्यालगत सरकारी वसाहती आहेत. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी घराला मायबोली पुष्कळदा यंत्रातूनच ऐकू येते. संगीत व चित्रपट या दोहोंसाठी ध्वनिवर्धक निवडताना म्हणूनच शब्द हीच कसोटी मानावी. पडद्यावरील स्फोटांचा गडगडाट सेकंदाला २०-३० कंपनांपर्यंत खाली उतरतो आणि ग्राहक त्यालाच भुलतो. परंतु गीत व संवाद यांची सुस्पष्टता मुख्यतः ३०० ते ४,००० कंपनांच्या पट्ट्यात असते. तेव्हा प्रथम दोन उत्तम ध्वनिवर्धक घ्यावेत. खर्जाचे वेगळे खोके मागाहून घेता येते. दुकानात परिचित गाणे मंद आवाजात ऐकावे. घरी ध्वनिवर्धक कोपऱ्यात ठेवू नयेत. तेथे खर्ज फुगतो, शब्द झाकोळतात आणि वृद्धांना बोलपटही मूकपटच होतो.