एका टँकमधले दहा प्रवाळ म्हणजे दहा नमुने नव्हेत

समजा, एका घरात १०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक आहे. रविवारी मालकाने दगडांची मांडणी बदलली. हात ओले झालेच आहेत, तर दहा लिटर पाणीही बदललं आणि दिवा थोडा खाली घेतला. बुधवारी दोन प्रवाळ पांढरे पडले. मालक म्हणतो, "दगड हलवले ना, म्हणून." तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर या उत्तरावर तुमचं समाधान होता कामा नये. का, ते बघू.

दगड हलवला म्हणजे नक्की काय हलवलं?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः सच्छिद्र दगडांवर आणि वाळूत राहतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून रीफ टँकमध्ये दगड शोभेपुरता राहिला नाही, तोच फिल्टर झाला.

त्यामुळे दगड हलवला की बरंच काही एकदम बदलतं:

- वाळूत साचलेली घाण वर येते, अमोनिया वाढू शकतो.
- प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या शैवालांना मिळणारा प्रकाश बदलतो. तळाशी रुळलेला प्रवाळ अचानक दिव्याखाली आला तर पांढरा पडू शकतो.
- पाण्याचा प्रवाह दुसरीकडून येऊ लागतो.
- शेजारी बदलतात. काही प्रवाळ रात्री दंश करणारे लांब धागे सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात.

यात बदललेलं पाणी आणि खाली आलेला दिवा मिळवा. एका रविवारी सहा गोष्टी बदलल्या आणि निकाल एकच हाती आला. याला कन्फाउंडिंग म्हणतात: कारणं एकमेकांत अशी मिसळलेली असतात की कुणाचा वाटा किती, हे नंतर कितीही आकडेमोड केली तरी सुटं होत नाही.

"आधी" हा एक आकडा नसतो

तुम्ही काहीच केलं नाही तरी टँक बदलतच असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १०० लिटरमध्ये ३,५०० ग्रॅम. रोज २ लिटर पाणी उडून जातं असं धरा. वाफ होते पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती आर.ओ.च्या गोड्या पाण्याने. कुणी खारं पाणीच ओतत राहिलं तर रोज ७० ग्रॅम क्षार वाढतील. दहा दिवसांत ७०० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ४२ ग्रॅम.

उलट, दगडी प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरतात, त्यामुळे अल्कलिनिटी आपोआप उतरते. म्हणून बदल करण्याआधी किमान दोन आठवडे तापमान, क्षारता, अल्कलिनिटी आणि नायट्रेट यांची नोंद ठेवायची. आधीचा चढ-उतार माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. मग एका वेळी एकच बदल, आणि टँक स्थिर होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आता मुख्य मुद्दा: तुमचा n किती?

प्रयोगशाळेत दोन टँक आहेत. एकावर नवा दिवा, दुसऱ्यावर जुना; प्रत्येकात दहा प्रवाळ. तुम्ही वीसही प्रवाळांची वाढ मोजता आणि टी-टेस्ट लावता. आकडे सुंदर येतात, पण दिवा प्रवाळाला दिलेला नाही, टँकला दिलेला आहे. एका टँकचा हीटर जास्त तापला तर त्यातले दहाही प्रवाळ एकत्रच भोगतील. म्हणजे प्रत्येक बाजूला n दहा नाही, एक आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मधल्या लेखात या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं.

उपाय खर्चिक आहे, पण सरळ आहे. टँक वाढवायचे आणि कुठल्या टँकवर कुठला दिवा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रयोग पाण्यातल्या घटकाचा असेल तर सगळे टँक एकाच संपला जोडू नका. पाणी एक झालं की टँकही एकच झाला.

प्रवाळांची जागा बदलणं इथे कामाला येतं. ठरावीक दिवसांनी प्रत्येक टँकमधल्या प्रवाळांच्या जागा आपापसात फिरवल्या तर कोपऱ्यातला मंद प्रकाश एकाच प्रवाळाच्या वाट्याला येत नाही. त्याने n मात्र वाढत नाही.

एक कायद्याची गोष्ट

भारतात रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणला पाण्यात उतरलात तरी प्रवाळाचा तुकडा उचलायचा नाही. संशोधनासाठी हवा असेल तर आधी परवानगी काढायची आणि त्यासाठी लागणारा वेळ प्रस्तावात धरायचा.

या आठवड्यासाठी गृहपाठ: प्रवाळांवर किंवा माशांवर टँकमध्ये प्रयोग केलेला कुठलाही एक पेपर काढा. n च्या आकड्यावर बोट ठेवा आणि पद्धतीच्या भागात जाऊन टँक मोजा. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर लेखकांनी तो फरक विश्लेषणात कुठे धरला आहे का, ते शोधा. मुलाखतीत तुमच्या प्रस्तावाबद्दल हाच प्रश्न येऊ शकतो.