उष्मांकांचे चुकीचे आकडे आणि आहारचिकित्सा

स्थौल्य व प्रमेह यांचे अनेक रुग्ण हल्ली चिकित्सालयात येतात ते उष्मांकांची नोंद घेऊनच. कोणी वही आणतो, कोणी मोबाईल पुढे करतो. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या भातापर्यंत प्रत्येक पदार्थापुढे आकडा असतो आणि खाली बेरीज. ही सवय स्तुत्य आहे; आपल्या आहाराची मात्रा रुग्ण स्वतः पाहू लागला की चिकित्सेचे अर्धे काम होते. परंतु हे आकडे आले कोठून व ते चुकीचे असल्यास काय करावे, हा विचार वैद्याने आणि औषधालयाच्या चालकानेच करावयाचा आहे.

एक अनुभव

लोणावळ्यात दुकान असलेले एक मध्यमवयीन गृहस्थ स्थौल्यासाठी माझ्याकडे येत. दोन महिने त्यांची नोंद रोज सुमारे १४०० किलोकॅलरींची होती; वजन मात्र जागचे हलेना. ते काही लपवीत असावेत, असे मी मनात धरले आणि बोलूनही दाखविले. ते दुखावले. पुढच्या खेपेस ते घरची वाटी, चमचा आणि चिक्कीचे वेष्टनच घेऊन आले. आम्ही एकेक नोंद तपासली.

दिवसभराच्या भातासाठी ते ८० ग्रॅम तांदूळ कोरडे मोजून घेत. नोंद मात्र शिजलेल्या भाताच्या दराने करीत. येथे सुमारे १७५ किलोकॅलरी कमी धरल्या जात होत्या. चिक्कीच्या वेष्टनावर एका वाढणीचे वजन १५ ग्रॅम होते, दुकानातली त्यांची वडी ४० ग्रॅमची निघाली. फरक सुमारे ११०. फोडणीचे तीन चमचे तेल, म्हणजे सुमारे १३५, नोंदीत नव्हतेच. उरला च्यवनप्राश, सकाळ-संध्याकाळ मिळून २० ग्रॅम. त्यात साखर १२ ग्रॅमच धरली तरी ५० किलोकॅलरी होतात. डबीवर आकडा नव्हता म्हणून त्यांनी शून्य लिहिले होते, आणि पावसाळ्यातील खोकल्यासाठी तो च्यवनप्राश मीच दिला होता.

एकूण तफावत ४७० च्या घरात गेली. रुग्ण प्रामाणिक होता, आकडे खोटे होते. मी मात्र आकड्यांवर विश्वास ठेवून रुग्णावर अविश्वास दाखविला होता.

चुका कोठे होतात?

१. कोष्टकांतील भेद. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारा प्रमाणभूत आधार म्हणजे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टके. डॉ. गोपालन व सहकाऱ्यांच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६७ किलोकॅलरी व गुळात ३८३ दिल्या आहेत. याच संस्थेच्या २०१७ च्या नव्या कोष्टकांनुसार हे आकडे अनुक्रमे सुमारे ५२० व ३५४ येतात. नमुने नवे, पृथक्करणाच्या पद्धती नव्या आणि अन्नातील तंतूंचे मापनही निराळे, म्हणून हा फरक. समभाग शेंगदाणे व गूळ घालून केलेली चिक्की घेतली, तर १०० ग्रॅममागे जुन्या हिशेबाने ४७५ व नव्याने ४३७ किलोकॅलरी होतात. चिक्की तीच, आकडे दोन, आणि दोन्ही अधिकृत. शिवाय नव्या कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, तिला ४.१८४ ने भागावे लागते. हे न कळता आकडा जसाच्या तसा उतरविल्यास चौपट चूक होते.

२. कच्चे व शिजलेले. ही चूक सर्वांत मोठी व सर्वांत अधिक आढळणारी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ आपल्या भागात घरोघरी शिजतो. कोणत्याही कोरड्या तांदळात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. शिजताना तो पाणी शोषून सुमारे अडीचपट होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात १३० ते १४० च उरतात. वर सांगितलेल्या गृहस्थांची चूक एका दिशेची होती. उलट दिशेची अधिक घातक. एक तरुणी १५० ग्रॅम भात वजन करून त्यास कोरड्या तांदळाचा दर लावीत असे. सुमारे २०० च्या जागी ५२५ लिहिले जात. बेरीज जुळविण्यासाठी तिने रात्रीचे जेवण सोडले, आणि भ्रम व दौर्बल्य घेऊन ती माझ्याकडे आली. तिला औषधाची नव्हे, अन्नाची गरज होती.

३. वेष्टनावरील तक्ता. याची परीक्षा कोणासही करता येते. प्रथिने व कर्बोदके यांच्या ग्रॅमना प्रत्येकी ४ ने व स्निग्धांशाच्या ग्रॅमना ९ ने गुणून बेरीज करावी. समजा, तक्त्यात प्रथिने १५, कर्बोदके ६० व स्निग्धांश २० ग्रॅम आहेत. उष्मांक ६० + २४० + १८० म्हणजे ४८० हवेत. तेथे ३८० छापले असतील, तर स्निग्धांशासही ४ नेच गुणले, हे उघड आहे. तंतू अधिक असलेल्या पदार्थात थोडा फरक पडतो. शंभराचा फरक मात्र चूकच समजावी. तक्ता १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, हेही पाहावे.

४. सुटे पदार्थ. सुटी चिक्की, वडापाव, खानावळीतील थाळी यांना तक्ता नसतो. उष्मांक दर्शविण्याचे बंधन दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या वा केंद्रीय परवान्याच्या उपाहारगृहांवर आहे. घाटमाथ्यावरच्या टपरीवर नाही. अशा पदार्थांचे अ‍ॅपमधील आकडे पुष्कळदा कोणा वापरकर्त्याने अंदाजाने भरलेले असतात.

अचूक तक्ताही अंतिम नव्हे

प्रथिने ४, कर्बोदके ४ व स्निग्धांश ९ हे गुणक अमेरिकेतील अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविले. ती सरासरी आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीरास सुमारे १२९ किलोकॅलरीच मिळाल्या; रूढ गणनेने त्या १७० च्या जवळ येतात. उरलेला स्नेह पेशींत अडकून न पचताच बाहेर पडतो. त्या देशाच्या कायद्यातही प्रत्यक्ष उष्मांक वेष्टनावरील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक निघाल्यास चालतात.

आयुर्वेदीय वैद्यास यात नवल वाटू नये. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून ठेविली आहे आणि द्रव्याच्या गुरुलाघवाचा विचारही तेथेच केला आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांत ‘राशी’ हे एक आहे आणि तिचे दोन प्रकार सांगितले आहेत: संपूर्ण आहाराचे एकत्र मान म्हणजे सर्वग्रह, व एकेका द्रव्याचे पृथक् मान म्हणजे परिग्रह. आजची नोंदवही हे दोन्ही करते. परंतु ‘करण’, म्हणजे शिजविणे, भाजणे इत्यादी संस्कार, आणि ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा, ही आयतने तिच्यात नसतात. तिच्या बहुतेक चुका याच रिकाम्या जागांत आहेत.

चिकित्सकाने काय करावे?

प्रथम मापे निश्चित करावीत. रुग्णाची नेहमीची वाटी व चमचा एकदा वजनकाट्यावर घालून त्यांचे मान वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. धान्य कोरडे मोजणार की शिजलेले, हे एकदा ठरवून तोच नियम ठेवावा. आकडे एकाच कोष्टकातून घ्यावेत. तेल, तूप, साखर व अनुपान यांस स्वतंत्र रकाना द्यावा.

त्यानंतर दोन-तीन आठवडे आहारात काहीही बदल न करता नोंद ठेवावी. वजन रोज सकाळी घेऊन सात दिवसांची सरासरी काढावी, कारण केवळ जलांशाने ते दिवसागणिक कमी-जास्त होते. या काळात वजन स्थिर राहिले, तर वहीतील सरासरी हीच त्या रुग्णाची, त्याच्या वहीच्या मापाने, दैनिक गरज होय. तो आकडा वास्तवात १४०० असो वा १९००. पुढे त्यातूनच ३०० वजा करावेत. नेहमी सारखीच होणारी चूक तुलनेत निघून जाते. बदलणारी चूक मात्र जात नाही, म्हणूनच अचूकतेपेक्षा सातत्याचा आग्रह अधिक धरावा. वजन, उदराचा घेर, क्षुधा, निद्रा व बल ही प्रत्यक्ष लक्षणे आहेत. उष्मांक हे अनुमान आहे. दोहोंत विरोध आल्यास अनुमान तपासावे.

इन्सुलिन किंवा रक्तशर्करा घटविणारी औषधे घेणाऱ्या प्रमेही रुग्णांत विशेष सावधानता हवी. तेथे कर्बोदकांचा चुकीचा आकडा रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो. आहारातील बदल त्यांच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच करावा.

औषधालयांचे कर्तव्य

२०२२ च्या आयुर्वेद आहार नियमांखाली येणारी उत्पादने अन्न म्हणून विकली जातात. औषध म्हणून परवाना असलेले अवलेह, पाक व आसवारिष्टे यांवर मात्र पोषणतक्ता बहुधा नसतोच. त्यांतील शर्करेची, तसेच आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यांशाची ऊर्जा रुग्णाच्या हिशेबाबाहेर राहते. प्रत्येक औषधालयाने आपल्या निर्मितीच्या प्रमाणावरून एका मात्रेत साखर वा गूळ किती ग्रॅम जातो, हे काढून वैद्यांस कळवावे. चार ओळींचे गणित आहे. वैद्यानेही औषध देताना ते रुग्णास सांगावे.

उपर्युक्त गृहस्थांची वही आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. त्या पानावर वाटीच्या मानाखाली च्यवनप्राशाची ओळ आहे; ती मी माझ्या हाताने लिहिली.